डाक्टर काय म्हणाले होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. बायको माझ्याशी सारा संसार करून गेली, तिलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं म्हणू? खोटं होईल. वेळ खूपदा आली. समोर बसली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली — आणि उठून गेली.

धारूरच्या घाटाखालच्या वाड्यांत कुणाच्या घरी असलं-तसलं दुखणं निघालं आणि घरचीच माणसं हात लावायला कचरू लागली, की म्हातारे म्हणतात, "आरं, त्या सटवाजीकडं बघा. भावाची रगतपिती धुतली त्यानं. उघड्या हातानं." रगतपिती म्हणजे महारोग. आणि तो सटवाजी म्हणजे मी. असं कुणी बोललं की मी खाली बघतो. लोकांना वाटतं, केवढा नम्र माणूस.

मी नम्र नाही. मला — नाही, असं एकदम येत नाही तोंडातून. आधी दादाचं सांगतो.

म्हाळूदादा माझा थोरला भाऊ. आम्ही धनगर. बाप लवकर गेला आणि मेंढरं दादाच्या गळ्यात पडली. अर्धी माझ्याही पडायची, पण तो म्हणाला, एकानं तरी शिकावं. मला धारूरला मौलवीसाहेबांकडे घातलं. राज्य निजामाचं. कचेरी उर्दूत, कागद उर्दूत, साहेबांच्या शिव्यासुद्धा उर्दूत. उर्दू फाडफाड बोलणारा धनगराचा पोरगा म्हणजे लोकांना नवल होतं. पुढे बीडच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो. अंगात डगला, छातीवर पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला. तो घालून पहिल्यांदा वाडीत आलो तेव्हा दादानं धोतराच्या सोग्यानं बिल्ला पुसला, लांब होऊन बघितलं आणि म्हणाला, "आता तुला मेंढरं वळखायची न्हाईत बे." आणि हसला.

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? मेंढरांचा वास माझ्या अंगातून गेला होता, आणि तो परत कधी येऊ नये असं मला वाटायचं. माणसाला असं वाटू नये का? वाटावं. पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं, म्हणून आधी सांगून टाकलं.

दादाच्या पायात काटा मोडला तो उन्हाळ्यात. लांब काठीच्या आकडीनं बाभळीच्या फांद्या ओढून शेळ्यांना शेंगा पाडत होता, आणि खाली पडलेल्या फांदीचा काटा वहाणेतून थेट तळव्यात गेला. काटा त्यानं ओढून काढला. टोक आत राहिलं असेल. धनगराच्या पायात काटा मोडणं ही काय सांगायची गोष्ट आहे? तो विसरला. आम्हीही विसरलो.

पुढच्या वर्षी तिथं गाठ आली. दुखेना. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं मी किती वेळा म्हटलं असेन मनात. गाठ वाढली, पाय वर सुजत आला, आणि मग सुजेला बारीक बारीक तोंडं पडली. त्यांतून तेलकट पाणी यायचं, आणि त्या पाण्यात काळे दाणे. कारळ्यासारखे — तसेच बारीक, तसेच काळे. दादा ते बोटावर घेऊन लेकीला दाखवायचा. "बघ ठकू, तुझ्या बापाच्या पायात पीक आलंय." ठकू तेव्हा लहान होती, त्याच्या मांडीवर बसून हसायची. सगुणावैनी मात्र हसायची नाही. तिनंच माझ्या मागे लागून दादाला बीडला न्यायला लावलं.

दवाखान्यातले डाक्टर हैदराबादकडचे होते. नाव सांगत नाही. मोठे शांत गृहस्थ. मराठी त्यांना "बसा", "कुठं दुखतं" एवढीच. दादाला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. मध्ये मी.

डाक्टरसाहेबांनी दादाचे डोळे मिटायला लावले आणि पायाला सुई टोचली. दादा ओरडला. डाक्टर खूश झाले. मला कळेना, ओरडला तर खूश का होतात? मग त्यांनी त्यातला एक काळा दाणा काचेवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला, चिरडला आणि काच खुर्दबिनीखाली, बारीकाचं मोठं दाखवणाऱ्या नळीखाली, धरली. मलाही बघायला बोलावलं. मी कचेरीतला शिपाई म्हणून असेल, की मला त्यांची बोली येते म्हणून, पण त्यांना मला समजावून सांगावंसं वाटलं. मी एक डोळा मिटून आत पाहिलं. घोंगडीचं टोक उसवून पिंजावं तसे धागे. एकमेकांत गुंतलेले, फांद्या फुटलेले.

"फफूंद है," ते म्हणाले. बुरशी. शिळ्या भाकरीवर धरते तिच्यातलीच एक जात. मातीत असते, काट्यावर असते. काट्याबरोबर मांसात शिरते आणि आत घर करते. ते काळे दाणे म्हणजे बुरशीचेच गोळे.

मग ते जे म्हणाले, ते मी शब्दाशब्दानं सांगू शकतो. त्याचा एक शब्द मी विसरलेलो नाही.

"ये जुजाम नहीं है." हा महारोग नाही. महारोगात सुई टोचलेली कळत नाही, याला कळते. हे एका माणसाचं दुसऱ्याला लागत नाही. बायकोनं सेवा करावी, लेकरानं कुशीत निजावं, काही होत नाही. पण याच्यावर मलम नाही, पोटात घ्यायचं औषध नाही. घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. आत्ता काढला तर माणूस वाचेल, कारण वरचं हाड अजून चांगलं आहे. उशीर केला तर बुरशी हाडाहाडानं वर चढेल. गुंगीचं औषध देऊ, कापताना त्याला कळणारही नाही.

आणि दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हनले बे सायेब?"

तुम्ही म्हणाल, विचार करायला वेळ मिळाला नसेल. मिळाला. एक श्वास घेण्याएवढा मिळाला, आणि तेवढ्यात मी सगळं बघून घेतलं. एका पायाचा माणूस बालाघाटाच्या डोंगरात मेंढरांमागं कसा फिरेल? आई म्हातारी, ठकू लहान. म्हणजे मेंढरं माझ्याकडे येणार. डगला उतरवायचा, पट्टा परत करायचा आणि खांद्यावर घोंगडी टाकायची. माझं तर जमादारीसाठी, शिपायांवरच्या जागेसाठी, नाव निघालं होतं. हे सगळं मी पाहिलं — आणि दादाचा पाय पाहिला नाही.

मी म्हणालो, "मलम देत्यात म्हनले. पाय धुवायचं औषध बी देत्यात. हळूहळू होईल बरं."

दादाचा चेहरा उजळला. डाक्टरांनी विचारलं, काय म्हणतो हा? तयार आहे का?

आता इथं तरी थांबता आलं असतं. नाही थांबलो. मी उर्दूत म्हणालो की हा नाही म्हणतो. मरेन पण पाय देणार नाही म्हणतो. अडाणी माणूस आहे, साहेब.

डाक्टर खुर्चीवरून उठले, जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समझाओ इसे," मला म्हणाले. "भाई है तुम्हारा." दादाला वाटलं, साहेब धीर देताहेत. त्यानं दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या पायाला हात लावायला वाकला.

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. दोघंही एकमेकांशी किती चांगले वागत होते, आणि एकाचंही बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण मध्ये मी होतो.

डाक्टरांनी कारबोलिकची बाटली आणि पट्ट्या दिल्या. परतीच्या वाटेवर गाडीत दादा फार खुशीत होता. "सायेब लई गुनी मानूस हाय," म्हणत होता. बाजारातून ठकूला काचेच्या बांगड्या घेतल्या होत्या, त्या वाटभर हातात धरून बसला, गाडीचा हिसका बसून फुटतील म्हणून.

पुढचं वर्ष तो त्या पायानं मेंढरांमागं चालला. मी मनाशी म्हणायचो, पुढच्या खेपेला सांगू. डाक्टरांनी बोलावलंय म्हणू, पाय काढायला लागतो म्हणू. गेलो नाही. एकदा गेलो — दवाखान्याच्या फाटकापर्यंत. तिथल्या माणसानं सांगितलं की ते डाक्टर बदलून गेले. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या जागेवर दुसरे डाक्टर आलेच होते की! पण मी फाटकातूनच मागे फिरलो.

पाय मग पायासारखा राहिला नाही. बोटं सुजेत बुडाली, वास येऊ लागला. वाडीतल्या बायका सगुणावैनीच्या घागरीपासून आपली घागर लांब ठेवू लागल्या. आणि एक दिवस पाटलानं मारुतीच्या पारावर माणसं जमवली. मी सुट्टीवर आलेलो होतो. दादा पाराखाली, जरा लांब बसला होता. त्याला वर कुणी बोलावलं नाही.

पाटील मला म्हणाला, "सटवा, तूच नेलतास ना ह्याला बीडाला? डाक्टर काय म्हनला? रगतपिती हाय का न्हाई?"

माझा शब्द त्या पारावर कचेरीचा शब्द होता. "न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. न्हाई, रगतपिती न्हाई, ही बुरशी हाय, कुनाला लागत न्हाई. पण मग पाटलानं पुढं विचारलं असतं — मग विलाज काय सांगितला? आणि दादा तिथंच बसलेला. किंवा पाटलानं कुणाला तरी बीडला धाडलं असतं, खरं-खोटं करायला. एक खरं बाहेर काढलं असतं, तर दुसरं त्याच्या मागोमाग आलं असतं.

मी म्हणालो, "डाक्टर न्हाई बोलला काय नीट."

आणि खाली बघितलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला. भाऊ आहे बिचारा, कसं सांगेल?

दादाला ओढ्यापलीकडे डोंगराच्या कडेला खोपी बांधून दिली. मेंढरं आमच्या चुलतभावानं वाट्यानं घेतली — मेंढरं सांभाळायची, होतील ती कोकरं निम्मी-निम्मी. एका बैठकीत ठरलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी नोकरी सोडून यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. इतकं सोपं होतं ते. ज्या भीतीपायी मी दादाचा पाय घालवला, ती भीती कुणी बोलूनही दाखवली नाही.

सगुणावैनी म्हणाली, मी त्याच्याजवळ राहणार. तिचे भाऊ वडवणीकडून न्यायला आले तर त्यांच्या अंगावर गेली. "लागलं तर लागू द्या. माझा नवरा हाय." तिला काही ठाऊक नव्हतं, आणि तरी ती हे म्हणत होती. शेवटी दादानंच तिच्यावर काठी उगारली. जन्मात पहिल्यांदा. "पोरीला घिऊन जा," म्हणाला. "तिला लागलं तर मी कुटं जाऊ?" ती गेली. जायच्या आधी ठकू ओढ्याच्या अलीकडे उभी राहून त्याला हाका मारत होती, आणि तो पलीकडून हातानं "जा, जा" करत होता. लेकरानं कुशीत निजावं, काही होत नाही — हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडात होतं. मी ठकूचा हात धरून उभा होतो. हाताला त्याच काचेच्या बांगड्या होत्या.

आता माझी कीर्ती कशी झाली ते ऐका.

सुट्टी मिळाली की मी वाडीला यायचो आणि खोपीवर जायचो. आईनं केलेली भाकरी न्यायचो, त्याच्याजवळ बसून एका ताटात खायचो. पाय धुवायचो, उघड्या हातानं ती तोंडं पुसायचो, पट्टी बांधायचो. ओढ्यावर गुरं पाजणारी माणसं बघायची. गावात बोलणं सुरू झालं. शिकलेला असून घाण मानत नाही. जिवाची पर्वा नाही. पाटलानं स्वतः मला पारावर बोलावून आपल्या शेजारी बसवलं.

तुम्हीच सांगा, त्यात कसली हिंमत होती? मला ठाऊक होतं, हे कुणाला लागत नाही. साऱ्या वाडीत एकट्या मला ठाऊक होतं.

एकदा दादानं माझा हात झटकला. "नको हात लावू बे सटवा. तुला लागल. तुझं लगीन व्हायचंय." मी म्हणालो, "लागू दे दादा." मी हे म्हणालो. सगुणावैनीचे शब्द, तिच्याच सारख्या आवाजात. दादा रडला. माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला की मागल्या जन्माची पुण्याई म्हणून असा भाऊ मिळाला. मी धरू दिलं.

सूज गुडघ्याच्या वर गेली तेव्हा ताप येऊ लागला. त्या दिवसांत त्यानं मला एकच विचारलं. डोळे मिटलेले होते. म्हणाला, "सायेबानं माझ्या खांद्यावर हात ठिवलता. कावून रं? तवा काय म्हनलते?"

माझ्या आयुष्यात ती शेवटची संधी असेल. पाय तर गेलेलाच होता. आता खरं सांगून त्याचं काही वाचणार नव्हतं, पण एक कळलं असतं — की त्याच्या अंगात रगतपिती नाही, ठकूला जवळ घेता आलं असतं, अजूनही येईल. वडवणी काही फार लांब नव्हती.

मी म्हणालो, "बरा होशील म्हनलते."

तो "हूं" म्हणाला. त्याच आठवड्यात गेला, भर दुपारी. उचलायला वाडीतलं कुणी आलं नाही. चुलतभाऊ आणि मी, दोघांनी खोपीमागेच पुरला. मग लोकांनी लांबून पलिते टाकून खोपी जाळली.

सगुणावैनी माहेरीच राहिली आणि तिथंच संपली. ठकूला स्थळ येईना. रगतपितीवाल्याची लेक कोण करणार? अखेर धर्मापुरीकडच्या एका बिजवराला दिली. तिच्याहून पुष्कळ मोठा, आधीची पोरं असलेला. तोही वारला. मला जमादारी मिळाली, हे सांगायला हवं. मिळाली, आणि मी ती पुरी केली.

ठकू अजून आहे. तिचेही केस पिकले. वर्षाकाठी एकदा तरी माझ्याकडे येते, मला तात्या म्हणते. तिला एक खोड आहे. रोज उठल्यावर आधी आपले तळपाय बघते, मग पोरांचे. अंगावर साधी पुटकुळी उठली तरी पोरांना जवळ येऊ देत नाही, ताट वेगळं करते. मुलं लहान होती तेव्हा थंडीतसुद्धा त्यांना वेगळ्या वाकळेवर निजवायची. "रगतात हाय आमच्या," म्हणते. मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे.

परवा ती आली. बरोबर नातू. त्याच्या मानेवर गजकर्णाचा गोल चट्टा होता — पोरासोरांना येतो तसला, हीही एक बुरशीच. गंधक लावलं की जातो. तिनं पोराला उजेडात उभं केलं.

"तात्या, तुमी बाचं सगळं बघितलंय. तुमाला वळखू येतं. बघा ना, त्येच हाय का?"

मी बघितलं. म्हणालो, "न्हाई पोरी. गजकर्ण हाय. गंधक लाव."

तिनं सुस्कारा सोडला. आणि तरीही पोराला जवळ घेतलं नाही. मी बघत होतो. आता सांग, आता तरी — जिभेवर आलं होतं, डाक्टरांच्या शब्दांत, जसंच्या तसं. तिच्या बापाला ते नव्हतंच, तिच्या रक्तात काही नाही, कधी नव्हतं.

"तुमी हायत म्हनून आमाला आधार हाय," ती म्हणाली, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.